नाजूक तब्येतीच्या मुलांची बालवाडी : 'आमच्याकडे नर्स नाही' हे उत्तर पुरेसं आहे का?

मूल साडेतीन वर्षांचं आहे. बोलतं, खेळतं, हट्ट करतं, रंग ओळखतं. फक्त त्याला दिवसातून तीन-चार वेळा इन्शुलिन लागतं. किंवा झटके येऊ नयेत म्हणून ठरलेल्या वेळी औषध द्यावं लागतं. किंवा तोंडाने पुरेसं खाता येत नाही, म्हणून पोटात बसवलेल्या नळीतून दूध द्यावं लागतं.

अशा मुलाचे आई-बाबा बालवाडीत प्रवेशासाठी जातात तेव्हा त्याला काय येतं, काय आवडतं हे प्रश्न मागे पडतात. आधी ऐकू येतं ते हे : "आमच्याकडे नर्स नाही. काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?"

यावर दोनच मार्ग सुचवले जातात. एक तर आईने रोज शाळेबाहेर बसून राहायचं, नाहीतर "थोडं मोठं झाल्यावर या". पहिल्यात आईची नोकरी जाते, दुसऱ्यात मुलाची शिकण्याची वर्षं.

मग करायचं काय? कायदा काय सांगतो? शाळेकडे नेमकं काय मागायचं? आणि अशा मुलाची प्रगती मोजायची कशी? समजून घेऊया.

'नाजूक तब्येतीचं मूल' म्हणजे नेमकं कोण?

ज्या मुलाची रोजची तब्येत औषध, उपकरण, एखादी छोटी वैद्यकीय कृती किंवा सततची देखरेख यावर अवलंबून असते, त्याला वैद्यकीयदृष्ट्या नाजूक मूल म्हणतात.

यात बरेच आजार येतात. टाइप १ मधुमेह, अपस्मार म्हणजे फिट्स, जन्मजात हृदयदोष, हिमोफिलिया, सिकलसेल. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागणारी थॅलेसेमियाची मुलं. कॅन्सरवर उपचार सुरू असलेली मुलं. श्वासासाठी गळ्याला नळी बसवलेली मुलं. खूप लवकर जन्मल्यामुळे फुप्फुसं कमजोर राहिलेली मुलं.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. नाजूक तब्येत म्हणजे मंद बुद्धी नव्हे. यातली अनेक मुलं शिकण्यात इतरांसारखीच असतात. काहींना मात्र आजारामुळे किंवा उपचारांमुळे शिकताना अडचण येऊ शकते. वेळेच्या बऱ्याच आधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांवर आणि ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. काही औषधांमुळेही ऐकू येणं कमी होतं. म्हणून बालवाडीत घालण्याआधी कान आणि डोळे तपासून घेतलेले बरे. मूल 'लक्ष देत नाही' असं वाटतं तेव्हा कधी कधी त्याला नीट ऐकूच येत नसतं.

तीन ते आठ ही वर्षं एवढी महत्त्वाची का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षं हा एकच 'पायाभूत स्तर' मानला आहे. म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. सहा वर्षांच्या आत मेंदूचा ८५ टक्क्यांहून जास्त विकास होतो, असं हे धोरण सांगतं.

आजारी मुलासाठी या वर्षांचं आणखी एक मोल आहे. ज्या मुलाचं लहानपण दवाखान्यात गेलंय, त्याच्या जगात मोठी माणसंच जास्त असतात. त्यातली बरीचशी सुई घेऊन येणारी. आपल्याएवढ्या मुलासोबत खेळणं वाटून घेणं, आपल्या पाळीची वाट पाहणं, भांडून पुन्हा गट्टी करणं, हे त्याला घरी कितीही खेळणी आणली तरी मिळत नाही. ते बालवाडीतच मिळतं.

म्हणून 'आधी बरं होऊ दे, मग शाळा' हा सल्ला प्रेमाचा असला तरी महागात पडू शकतो. यातले अनेक आजार दीर्घकाळ सोबत राहणारे आहेत. त्यांच्यासोबतच शिकायचं असतं.

कायदा काय म्हणतो आणि फट कुठे आहे?

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहा वर्षांखालच्या मुलांचा विषय मात्र कलम ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांमध्ये राहिला. राज्याने त्यासाठी प्रयत्न करावेत असं घटना सांगते, पण मूलभूत हक्कासारखं ते कोर्टातून थेट मिळवता येत नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चाही हाच वयोगट आहे, ६ ते १४. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ हा ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देतो, तोही ६ ते १८ वयात.

म्हणजे ज्या वयात पाया घातला जातो, त्याच वयात कायद्याची पकड सैल आहे.

दुसरी फट आजारांच्या यादीत आहे. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, सेरेब्रल पाल्सी आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहेत. टाइप १ मधुमेह किंवा जन्मजात हृदयदोष मात्र स्वतंत्र प्रकार म्हणून त्यात नाहीत. त्यामुळे दोन मुलांना सारखीच काळजी लागत असेल, तरी एकाच्या हातात दिव्यांग प्रमाणपत्र असतं आणि दुसऱ्याच्या नसतं.

तिसरी फट शाळांच्या प्रकारात आहे. दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्या आणि त्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करा, असं याच कायद्याचं कलम १६ सांगतं. पण ते सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या संस्थांबद्दल बोलतं. गल्लोगल्ली चालणारे अनेक प्लेग्रुप आणि नर्सरी अशा मान्यतेशिवाय चालतात.

मग हातात काहीच नाही का?

तसं नाही. या गोष्टी लक्षात ठेवा.

एक, अंगणवाडी. ती सहा वर्षांखालच्या सगळ्या मुलांसाठी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. मूल लवकर ओळखणं, त्याला अंगणवाडीत सामावून घेणं आणि गरज असल्यास पुढे उपचारांसाठी पाठवणं, हा तिचा गाभा आहे.

दोन, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. तो फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. यात फिरतं वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीसाठी येतं. गरज असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं. तुमच्या जिल्ह्याचं केंद्र कुठे आहे, हे जिल्हा रुग्णालयात विचारा.

तीन, मधुमेहासाठीची पत्रं. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहून कळवलं, की टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांना शाळेत साखर तपासू द्या, इन्शुलिन घेऊ द्या आणि मधल्या वेळेत खाऊ द्या. प्रवेशाच्या वेळी या पत्राचा उल्लेख करायला हरकत नाही.

चार, सहा वर्षांनंतरचं संरक्षण. पहिलीपासून आठवीपर्यंत शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही. दीड महिना दवाखान्यात होतं म्हणून पटावरून नाव कापणं चालत नाही. आजारपणामुळे सहा वर्षांपर्यंत शाळेत जाताच आलं नसेल, तर वयानुसार योग्य वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण, अशी तरतूद शिक्षण हक्क कायद्यातच आहे.

एचआयव्हीसोबत जगणाऱ्या मुलांसाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे. शाळेतला भेदभाव त्याने थेट बेकायदा ठरवला आहे.

'नर्स नाही' या उत्तराला कोर्टाने काय म्हटलं होतं?

हाच वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तो निकाल भारतात लागू होत नाही, पण त्यातला युक्तिवाद आपल्याही कामाचा आहे.

टेक्सास राज्यातल्या इर्विंग शहरात एका मुलीला जन्मतः पाठीच्या कण्याचा दोष होता. त्याला स्पायना बिफिडा म्हणतात. तिला स्वतःहून लघवी करता येत नव्हती. दर तीन-चार तासांनी एक बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करावं लागे. १९७९ मध्ये ती साडेतीन वर्षांची असताना पालक शाळा विभागाकडे गेले. विभागाने तिच्यासाठी शिक्षणाचा आराखडा केला. लहान मुलांचा वर्ग दिला, व्यायामोपचारही दिले. नळीचं काम करायला मात्र नकार दिला. ते वैद्यकीय काम आहे, शिक्षणाचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पाच वर्षांनी, जुलै १९८४ मध्ये निकाल लागला. खटल्याचं नाव 'इर्विंग इंडिपेंडेंट स्कूल डिस्ट्रिक्ट विरुद्ध टाट्रो'. न्यायालयाने पाहिलं की हे काम काही मिनिटांचं आहे. तासाभराहून कमी वेळात सामान्य माणूसही ते शिकू शकतो. तिचे आई-वडील, तिला सांभाळणारी व्यक्ती आणि किशोरवयातला भाऊही ते करायचे. ही मदत नसेल तर मूल दिवसभर शाळेत थांबूच शकत नाही. म्हणून ही मदत शिक्षणाचाच भाग आहे, असं न्यायालयाने ठरवलं.

न्यायालयाने मर्यादाही घातल्या. शाळेच्या वेळेबाहेर देता येणारं औषध शाळेने देण्याची गरज नाही. ज्याला डॉक्टरच लागतो ते काम शाळेचं नाही. आणि मागणी सेवेची आहे, उपकरणं विकत घेण्याची नाही.

निकाल आला तेव्हा ती मुलगी आठ वर्षांची होती. बालवाडीचं वय उलटून गेलं होतं.

१९९९ मध्ये याच न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. आयोवा राज्यातला एक मुलगा चौथ्या वर्षी झालेल्या अपघातानंतर व्हेंटिलेटरवर होता. बालवाडीच्या वर्गात त्याच्यासोबत घरातलीच १८ वर्षांची नातेवाईक मुलगी बसायची. नंतरची काही वर्षं घरच्यांनी स्वखर्चाने नर्स ठेवली. शेवटी सात विरुद्ध दोन अशा मतांनी न्यायालयाने सांगितलं, की शाळेच्या वेळेतली ही काळजी शाळा विभागानेच पुरवायची.

आपल्याकडे असा निकाल दाखवून कुणी प्रवेश देणार नाही. पण 'नर्स आहे का?' या प्रश्नाऐवजी 'नेमकं काम काय आहे, किती मिनिटांचं आहे आणि ते कोण शिकू शकतं?' असं विचारलं, की बोलणं पुढे सरकतं.

शाळेला काय द्यायचं? एका पानाचा कागद

डॉक्टरांची जाडजूड फाइल शिक्षिकेच्या उपयोगाची नसते. ती पाहून उलट भीती वाढते. त्याऐवजी डॉक्टरांकडून एका पानाची आरोग्य योजना मराठीत लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. त्यात एवढंच हवं :

• मुलाला काय आजार आहे, दोन ओळींत.
• शाळेच्या वेळेत काय करायचं, किती वाजता, किती मिनिटं लागतात.
• ते कोण करणार, आणि ती व्यक्ती सुट्टीवर असेल तर दुसरं कोण.
• धोक्याची चिन्हं कोणती, आणि दिसली तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं.
• काय अजिबात करायचं नाही.
• फोन कुणाला करायचे, कोणत्या क्रमाने, आणि जवळचा दवाखाना कोणता.

पहिले काही दिवस पालकांनी वर्गात येऊन काम करून दाखवायचं. मग शिक्षिकेने किंवा मदतनीस ताईंनी पालकांसमोर करायचं. त्यानंतर पालकांनी बाहेर थांबायचं आणि शेवटी घरी जायचं. दर सहा महिन्यांनी आणि प्रत्येक मोठ्या आजारपणानंतर हा कागद नव्याने करायचा. औषधाचा डोस बदलला आणि कागद जुनाच राहिला, तर तोच कागद धोक्याचा ठरतो.

वर्गात काही झालंच तर?

नेमक्या सूचना मुलाच्या डॉक्टरांच्याच. पण काही गोष्टी प्रत्येक शिक्षिकेला माहीत असाव्यात.

फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली तर १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला असेल, तर तो कधी वापरायचा हे कागदावर लिहिलेलं असावं.

मधुमेह असलेलं मूल अचानक घामाघूम, थरथरतं, चिडचिडं किंवा सुस्त झालं तर साखर उतरलेली असू शकते. ठरवून दिलेल्या प्रमाणात ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, मुलाला एकटं सोडू नका. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

हिमोफिलियाचं मूल पडलं तर चोळू नका. बर्फ कापडात गुंडाळून लावा, हालचाल थांबवा, लगेच घरी कळवा.

सिकलसेलच्या मुलाला पाणी प्यायला आणि लघवीला जायला कधीही अडवू नका. त्याचा ताप 'साधा' समजू नका.

प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाच्या वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाला, तर त्याच दिवशी पालकांना सांगा. पालकांनी लगेच डॉक्टरांशी बोलावं.

प्रगती मोजायची कशी?

अक्षरं किती आली, शंभरपर्यंत अंक येतात का, यावर अशा मुलाची बालवाडी तोलू नका. शेजारच्या मुलाशी तुलना तर नकोच. तीन महिन्यांपूर्वीच्या त्याच मुलाशी तुलना करा.

तो आईशिवाय किती वेळ रमतो? आपणहून कुणाशी खेळायला जातो का? दमल्यावर थांबतो का, की कोसळेपर्यंत खेळतो? "मला गरगरतंय", "छातीत धडधडतंय" हे वेळेवर सांगता येतं का? बोलता येत नसेल तर चित्राचं कार्ड दाखवतो का? नाजूक तब्येतीच्या मुलासाठी हे सांगता येणं जितकं शिक्षण आहे, तितकंच संरक्षणही.

स्वतःच्या काळजीतला सहभाग हीसुद्धा प्रगती आहे. तीन वर्षांचं मूल साखर तपासायला बोट पुढे करतं. पाच वर्षांचं कोणतं बोट ते सांगतं. सात-आठ वर्षांचं यंत्रावरचा आकडा वाचतं. डोस किती, हे मात्र मोठ्यांनीच ठरवायचं. मूल हुशार आहे म्हणून ती जबाबदारी त्याच्यावर टाकू नका.

दवाखान्यातून परतल्यावर मूल मागे गेल्यासारखं वाटतं. पुन्हा अंथरूण ओलं करतं, आईला चिकटून बसतं, येणारी गाणी म्हणत नाही. लहान मुलांमध्ये असं होतंच. पहिल्या आठवड्यात एक-दोन तासच शाळा ठेवा, मग वाढवा. पण काही आठवड्यांनंतरही येत असलेल्या गोष्टी परत आल्या नाहीत, तर डॉक्टरांना सांगा.

घरीच शिकवलेलं बरं नाही का?

२०१२ च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यात बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांग मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. त्यासाठी समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक घरी येतात. चौकशी तालुक्याच्या गट साधन केंद्रात करता येते.

इथे शब्द नीट वाचा. हा मुलाला दिलेला पर्याय आहे. शाळेला दिलेली सुटका नव्हे. 'तुमच्यासाठी घरीच बरं' असं शाळेने सुचवलं, तर कारण लेखी मागा.

काही मुलांना मात्र काही महिने घरी थांबावंच लागतं. अशा वेळी शिक्षिकेने आठवड्यातून एकदा केलेला व्हिडिओ कॉल, वर्गाने पाठवलेली चित्रं, हजेरीत घेतलेलं नाव, एवढ्यानेही मूल वर्गाशी जोडलेलं राहतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हेच केलं होतं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथलीच.

शिक्षिकांची भीती खोटी आहे का?

नाही. एका वर्गात पंचवीस-तीस मुलं, हाताशी एक मदतनीस, प्रशिक्षण नाही, आणि काही बिघडलं तर बोट आपल्याकडे. ही भीती खरी आहे. म्हणून जबाबदारी एकट्या शिक्षिकेवर टाकून चालत नाही. कागदावर मुख्याध्यापकांची सही हवी, दोन माणसं शिकलेली हवीत, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वागल्यास शिक्षिकेला दोष देणार नाही असं पालकांनी लिहून द्यावं. भीती अशी वाटून घेतली की कमी होते.

प्रवेशाच्या वेळी शाळेला हे पाच प्रश्न विचारा :

१. माझ्या मुलाचं काम शिकायला कोणती दोन माणसं तयार आहेत?
२. औषध कुठे ठेवणार आणि त्याची चावी कुणाकडे?
३. मूल पंधरा दिवस आलं नाही तर वर्ग त्याच्याशी संपर्क कसा ठेवेल?
४. सहल आणि स्नेहसंमेलनात त्याला सोबत कोण असेल?
५. नकार असेल तर तो लेखी मिळेल का?

पाचवा प्रश्न शेवटी विचारा. बऱ्याचदा पहिल्या चारांची उत्तरं शोधताना त्याची गरजच उरत नाही.